तुटलेले तुकडे टाकून देऊ नका : ताणचाचणी प्रयोगशाळांना खुले पत्र

प्रति,
ताणचाचणी प्रयोगशाळांचे प्रमुख, यंत्रावर काम करणारे तंत्रज्ञ आणि अहवालाखाली सही करणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

तुमचे अहवाल वाचणे हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. पोलादाची सळई, प्लास्टिकची पट्टी, सूत, दोर, माल उचलायचा पट्टा, काहीही असो. तुम्ही ते ओढून तोडता, कितीला तुटले ते कळवता, आणि तो आकडा धरून आम्ही पुढचे गणित मांडतो. त्या गणिताच्या भरवशावर कुणीतरी उंचावर उभे राहते, कुणाच्या डोक्यावरून ओझे सरकते. त्यामुळे तुमच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तक्रार आहे ती एका सवयीबद्दल.

माझ्या टेबलावर येणाऱ्या कित्येक अहवालांत नमुन्याचा क्रमांक असतो, एक आकडा असतो आणि शेवटच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असते. नमुना कुठे तुटला, कसा तुटला, किती वेगाने ओढला, किती नमुने तोडले आणि त्यांतले किती बाजूला काढले, याचा पत्ता नसतो. फोन करून विचारले की उत्तर येते, “साहेब, तुकडे टाकून दिले.” मला बऱ्याचदा आकड्याहून त्या तुकड्यांची गरज जास्त असते. का, ते सविस्तर सांगतो.

एक साधी सळई घेऊ. कमी कार्बनचे पोलाद, नमुन्याचा मधला भाग १० मिमी व्यासाचा, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी. यूटीएमच्या, म्हणजे ओढून तोडणाऱ्या चाचणीयंत्राच्या, जबड्यांत धरून ती ओढायला लागलो. आधी भार सरळ रेषेत चढतो. या टप्प्यात भार सोडला तर सळई मूळ लांबीवर येते. मग भार एकदम अडखळतो, थोडा खाली येतो आणि सळई जवळजवळ तेवढ्याच भाराला लांबत राहते. हा यील्ड. त्यानंतर भार पुन्हा चढू लागतो, पण आता वक्र हळूहळू आडवा होत जातो आणि समजा ३५ किलोन्यूटनला शिगेला पोचतो. इथपर्यंत सळई सगळीकडे सारखीच बारीक होत आलेली असते. शिगेनंतर मात्र एकाच जागी मान पडते, म्हणजे तेवढाच भाग बारीक होत जातो. पुढचे सगळे ताणणे त्या मानेतच चालते, बाकीची सळई आहे तशी राहते. भार उतरत जातो, आणि समजा २७ किलोन्यूटनला सळई धाडकन तुटते. तुटलेल्या टोकाला लगेच हात लावला तर ते गरम लागते. एका तुकड्याचे टोक खोलगट असते, दुसऱ्याचे त्यात बसेल असे शंकूसारखे. मधला भाग राखाडी, खरखरीत, निस्तेज. कडेला सुमारे ४५ अंशांत उतरलेला गुळगुळीत काठ. मानेचा व्यास मोजला तर ६.२ मिमी भरला असे धरू.

आता या सळईची ताकद किती म्हणायची? शिगेचा भार मूळ क्षेत्रफळाने भागला तर ४४६ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिमीला ४४६ न्यूटन. तुटतानाचा भार मूळ क्षेत्रफळाने भागला तर ३४४. आणि तुटतानाचा भार मानेच्या खऱ्या क्षेत्रफळाने, म्हणजे ३०.२ चौरस मिमीने भागला तर ८९४. सळई एकच, चाचणी एकच, आणि तीन उत्तरांतले सर्वांत मोठे सर्वांत लहानाच्या अडीचपटीहून जास्त. तिन्ही बरोबर आहेत, तिन्हींचा उपयोग वेगळा आहे. बांधकामाच्या आणि यंत्ररचनेच्या कामात पहिला आकडा चालतो. पण तो तुटण्याचा क्षण सांगत नाही. पदार्थ ताणामुळे जेवढा बळकट होत जातो तेवढीच घट त्याच्या छेदात होऊ लागते, ती वेळ तो आकडा दाखवतो. फ्रेंच अभियंते कॉन्सिदेर यांनी १८८५ मध्ये हे गणिताने मांडले. तिसरा आकडा पदार्थाने शेवटी किती सोसले याच्या जवळ जातो, आणि त्यातही मानेत ताण तीन दिशांनी येत असल्याने भौतिकशास्त्रज्ञ ब्रिजमन यांच्या रीतीने दुरुस्ती करावी लागते. अहवालात नुसते ‘ब्रेकिंग स्ट्रेंथ’ लिहिले असेल तर या तिघांपैकी कोणता आकडा छापला आहे हे वाचणाऱ्याने कसे ओळखायचे? सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या चौकटीवर खूण होती यावर ते ठरते. पोलादाच्या बाबतीत अनुभवाने अंदाज बांधता येतो. शिगेनंतर बराच काळ लांबत राहणाऱ्या प्लास्टिकच्या बाबतीत अजिबात येत नाही.

लांबण्याच्या टक्केवारीचेही तेच. समजा ही सळई सगळीकडे सारखी १८ टक्के लांबली आणि मानेने वरून आणखी ६ मिमी दिले. ५० मिमी गेज लेंग्थवर (लांबणे मोजायला नमुन्यावर आखलेल्या मूळ अंतरावर) मोजले तर ३० टक्के भरते, १०० मिमीवर मोजले तर २४. मान एकच, पण लहान अंतरावर मोजली की तिचा वाटा मोठा दिसतो. म्हणूनच धातूंच्या ताणचाचणीच्या आयएसओ ६८९२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात गेज लेंग्थ छेदाशी बांधली आहे : क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट, गोल नमुन्याला व्यासाच्या पाचपट. ज्या अहवालात टक्केवारी आहे आणि गेज लेंग्थ नाही, त्यातली टक्केवारी मी सरळ सोडून देतो. तुमची तेवढी मेहनत वाया जाते, याचे वाईट वाटते.

हे सगळे मी नव्याने शोधलेले नाही. स्कॉटिश अभियंते डेव्हिड किर्काल्डी यांनी १८५८ ते १८६१ या काळात ग्लासगोच्या नेपियर कारखान्यात घडीव लोखंड आणि पोलादाचे शेकडो नमुने तोडले आणि १८६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा पहिलाच निष्कर्ष असा की, तुटण्याचा भार हा आजवर समजला गेला तसा दर्जाचा पुरावा नव्हे. भार जास्त भरला तर लोखंड उत्तम, घट्ट आणि बारीक पोताचे असू शकते, किंवा नुसतेच कडक आणि न वाकणारे असू शकते. भार कमी भरला तर ते भरड असू शकते, किंवा फार मऊ पण अव्वल दर्जाचे असू शकते. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या तर तुटलेल्या जागी छेद किती घटला ते पाहावे, जे तोवर कुणी लक्षात घेत नव्हते, असे त्यांनी लिहिले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : तेच घडीव लोखंड सावकाश तोडले तर तुटलेला पृष्ठभाग तंतुमय दिसतो, एकदम तोडले तर स्फटिकासारखा चकाकतो. म्हणजे नुसता तुकडा बघून दर्जा ठरवणारेही फसतात आणि नुसता आकडा बघणारेही. तुकडा, आकडा आणि तोडण्याची रीत या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

पुढे १८६६ मध्ये किर्काल्डी यांनी लंडनच्या साउथवर्क भागात स्वतःची चाचणीशाळा सुरू केली. लीड्सला बनवून घेतलेले त्यांचे आडवे यंत्र साडेचौदा मीटर लांब होते आणि सुमारे साडेचारशे टन ओढू शकत होते. नंतरच्या इमारतीच्या दारावर त्यांनी ‘तथ्ये हवीत, मते नकोत’ या अर्थाचे शब्द कोरून घेतले. त्याच इमारतीत त्यांनी तुटलेल्या तुकड्यांचे संग्रहालयही केले होते. पैसे घेऊन इतरांसाठी चाचण्या करणारा हा माणूस, म्हणजे तुमच्या व्यवसायाचा पूर्वज. त्याला तुकडे जपावेसे वाटले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता जबड्यांकडे येतो, कारण सर्वांत जास्त माहिती तिथेच हरवते. सूत, कापडी पट्टा, तार, दोर यांची चाचणी करणाऱ्या प्रत्येकाला जबड्यात तुटलेला नमुना परिचयाचा आहे. पकड घट्ट केली तर दाते रुततात आणि नमुना तिथेच चिरडून तुटतो. सैल ठेवली तर घसरतो. म्हणून रबराचे अस्तर येते, सँडपेपर येतो, गुळगुळीत पिंपावर गुंडाळून धरायच्या कॅप्स्टन पकडी येतात. एवढे करूनही काही नमुने जबड्याच्या कडेला तुटतातच. अशा निकालाचा अर्थ खरे तर स्पष्ट आहे : मोकळ्या भागाने एवढा भार सोसला आणि तो तुटला नाही, म्हणजे त्याची ताकद निदान एवढी तरी आहे. ही उपयोगाची माहिती आहे, ती ‘जबड्यात तुटला’ एवढ्या दोन शब्दांसह लिहायला हवी.

प्रत्यक्षात मात्र मी वेगळे घडताना पाहिले आहे. आकडा कमी आला की तंत्रज्ञ जबड्याकडे बघतो, कडेजवळ तुटलेले दिसले की तो निकाल रद्द करतो आणि नवा नमुना लावतो. आकडा चांगला आला की जबड्याकडे कुणी बघत नाही. यात खोटेपणाचा हेतू कुणाचाच नसतो. पण या रीतीने केलेली सरासरी नेहमी वरच सरकते. रद्द करायचा नियम आकडा दिसण्याआधी ठरलेला हवा आणि तो प्रत्येक नमुन्याला सारखा लावायला हवा. किती नमुने रद्द केले, त्यांचे आकडे काय होते, हे अहवालात आलेच पाहिजे. या एका मुद्द्यावर मी हटून बसणार आहे.

कुठे तुटले हे लिहून ठेवण्याची सूचना यंत्रांच्याही आधीची आहे. लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणांत लोखंडी तारेची ताकद मोजायची कृती सापडते. तार वरून टांगायची, खाली टोपली बांधायची आणि वरच्या पेटीतून बारीक छिद्रावाटे टोपलीत वाळू सोडायची. तार तुटली की स्प्रिंगने छिद्र आपोआप बंद व्हावे आणि टोपली थोड्याच अंतरावर टेकावी, म्हणजे ती उलटणार नाही. मग वाळूचे वजन करायचे आणि तार कुठे तुटली ते टिपायचे. चाचणी पुन्हा पुन्हा करायची. मग निम्म्या लांबीची तार, मग पाव लांबीची, आणि दर वेळी भार आणि तुटलेली जागा दोन्ही लिहायचे. भार सावकाश आणि सलग वाढवणे, तुटताक्षणी तो थांबवणे, चाचणी पुन्हा करणे आणि जागेची नोंद ठेवणे. आजच्या प्रमाणित पद्धतींचा गाभा यात आला आहे.

लांबीचा हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये मांडले की ओढून तोडायच्या दांड्याची ताकद त्याच्या छेदावर अवलंबून असते, लांबीवर नाही. दांडा आतून बाहेरून एकसारखा असेल तर ते खरेच आहे. पण खरा पदार्थ एकसारखा नसतो. त्यात ओरखडे असतात, पोकळ्या असतात, सुताला पातळ जागा असतात, आणि नमुना जितका लांब तितकी त्यात एखादी वाईट जागा सापडण्याची शक्यता जास्त. कापसाच्या सुतावर काम करताना पीअर्स यांनी १९२६ मध्ये साखळीतल्या सर्वांत कमजोर कडीचा हा विचार गणितात बसवला, आणि १९३९ मध्ये वायबुल यांनी तो सर्वसाधारण पदार्थांसाठी मांडला. त्या दोघांच्याही आधी, १९२१ मध्ये, ग्रिफिथ यांनी काचेचे तंतू ओढून दाखवले होते की सुमारे १ मिमी जाडीचा तंतू १७० मेगापास्कलच्या आसपास तुटतो, तर काही मायक्रोमीटर जाडीचा तंतू ३,४०० च्या घरात जातो. काच तीच, बारीक तंतूत मोठी चीर मावत नाही.

याचा व्यवहारातला परिणाम सांगतो. वायबुल मापांक ५ असलेला तंतू घ्या. (हा मापांक जितका लहान, तितकी नमुन्यानमुन्यांतल्या ताकदीत तफावत जास्त.) काचतंतूंना हा आकडा अवास्तव नाही. त्याची लांबी दहापट केली तर सरासरी ताकद ०.६३ पट होते. तुम्ही २५ मिमी लांबीवर तोडलेल्या तंतूचा आकडा मी २५० मिमीच्या कामाला लावला, तर मी सरळ ३७ टक्क्यांनी फसलो. यात तुमचे मोजमाप चुकले नाही आणि माझी बेरीजवजाबाकीही चुकली नाही. अहवालात लांबी लिहिलेली नव्हती, एवढेच झाले.

सरासरीबद्दलही इथेच सांगून टाकतो. समजा पहिल्या लॉटचे पाच नमुने ४८, ५०, ५०, ५१, ५१ मेगापास्कलला तुटले आणि दुसऱ्या लॉटचे ३४, ५२, ५४, ५५, ५५ ला. दोन्हींची सरासरी बरोबर ५०. सरासरीच छापली तर दोन्ही माल सारखे. मी पहिला माल डोळे मिटून वापरेन. दुसऱ्यातला ३४ चा तुकडा मात्र मला हातात घेऊन भिंगाखाली बघायचा आहे. त्यात बुडबुडा दिसला तर ओतकामाच्या लोकांशी बोलायचे, कडेला कापण्याची खाच दिसली तर नमुना कापणाऱ्याशी बोलायचे, आणि काहीच दिसले नाही तर माझ्या गणितात खालचा आकडा धरायचा. तुकडा गेला की या तिन्ही वाटा बंद होतात. सुटे पाच आकडे लिहायला पाव ओळ लागते.

यंत्राच्या बाजूच्या गोष्टींत सर्वांत दुर्लक्षित आहे ती सरळ रेष. वरचा आणि खालचा जबडा एका ओळीत नसेल तर नमुना ओढला जातोच, शिवाय वाकतोही. गोल नमुन्यात भाराची रेषा अक्षापासून जितकी सरकली असेल तिला आठाने गुणून व्यासाने भागले की पृष्ठभागावर वाढलेल्या ताणाचे प्रमाण मिळते. १० मिमीच्या नमुन्यात पाव मिलिमीटर सरकले तर एका बाजूला २० टक्के जादा ताण! मऊ पोलाद यील्ड होऊन हे सांभाळून घेते, शिगेच्या आकड्यात फारसे काही दिसत नाही. सिरॅमिक, काच, कडक ओतीव लोखंड सांभाळून घेत नाही. ते त्या बाजूने लवकर तुटते आणि दोष पदार्थावर येतो. अशा वेळी चीर एका कडेवरून सुरू झालेली तुटलेल्या पृष्ठभागावर बहुधा दिसते. पुन्हा तुकड्यावरच येऊन थांबलो. ठिसूळ पदार्थ सरळ ओढणे इतके अवघड आहे की काँक्रीटसाठी कार्नेरो यांनी १९४३ मध्ये ब्राझीलमध्ये वेगळाच मार्ग काढला : दंडगोल आडवा ठेवून वरून दाबायचा, म्हणजे तो उभ्या रेषेत ताणाने फाटतो. भाराची दुप्पट करायची आणि तिला पाय (π), व्यास आणि लांबी यांच्या गुणाकाराने भागायचे. पण असा आकडा थेट ओढून मिळालेल्या आकड्याच्या रांगेत, काही न सांगता, बसवू नये.

कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे यंत्राचा आकडा तपासून घेण्याबद्दल, मी फार बोलत नाही, कारण ते तुम्ही काळजीने करता. चाचणीयंत्रांच्या आयएसओ ७५००-१ या मानकाच्या वर्ग १ मधले यंत्र भार १ टक्क्याच्या आत दाखवते. फक्त एवढेच की, १० मिमीचा व्यास ९.९ असा वाचला गेला तर क्षेत्रफळात २ टक्के फरक पडतो, म्हणजे भार मोजणाऱ्या लोड सेलच्या चुकीच्या दुप्पट. नमुना मोजणाऱ्याच्या हातातला मायक्रोमीटरही तितकाच सांभाळा.

वेग आणि हवा यांची नोंद का हवी हे प्लास्टिक आणि कापड तपासणाऱ्यांना सांगायला नको, तरी त्यांच्याच अहवालांत ती बहुतेक वेळा गळलेली असते. प्लास्टिक जोरात ओढले तर जास्त भार दाखवते आणि कमी लांबते. सावकाश ओढले तर उलट. नायलॉन हवेतले पाणी शोषून मऊ पडतो. कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते, व्हिस्कोस मात्र ओला झाला की जवळपास निम्मी गमावतो. प्लास्टिकसाठी २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता, कापडासाठी २० अंश आणि ६५ टक्के, ही बंधने याच कारणाने आली. नमुना त्या हवेत किती तास ठेवला होता हे लिहिलेले नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांतला फरक मालाचा की हवामानाचा, हे सांगणे अशक्य होते.

हे सगळे नीट लिहिले तरी ताणचाचणी काय सांगू शकत नाही, याचेही भान अहवालाला हवे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड बंदरात, शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे टँकर जहाज मधोमध फाटले. त्या काळच्या वेल्डेड जहाजांच्या पोलादाचा गुळगुळीत नमुना खोलीच्या तापमानाला ओढला तर तो छान लांबून तुटत असे. थंडीत, खाचेपाशी तेच पोलाद काचेसारखे तडकत असे. त्याआधी २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा रेल्वेपूल कोसळला, तेव्हा त्याच्या अवशेषांच्या चाचण्या किर्काल्डी यांनीच केल्या. तिथे ओतीव खांबांच्या कानांतली (जोडणीसाठी बाहेर काढलेल्या भागांतली) बोल्टची छिद्रे ओतकामातच निमुळती झालेली होती, त्यामुळे बोल्ट सगळ्या जाडीवर न टेकता एका कडेवर टेकत होता. सुट्या लोखंडाची ताकद वेगळी आणि असा कान जेवढ्याला तुटतो ते वेगळे. म्हणून माझी विनंती : पट्ट्याच्या कापडाची चाचणी केली असेल तर ‘कापडाची’ असे लिहा, टोकाला शिवलेल्या डोळ्यासकट (फाशासकट) पूर्ण पट्टा तोडला असेल तर तसे लिहा, आणि शिवण आधी उसवली की कापड आधी फाटले तेही लिहा. दोराला गाठ होती का, टोक विणलेले होते का, हेही त्यातच आले. गाठीपाशी दोर बराच कमी भार सोसतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

तुमच्या बाजूची अडचण मला कळते. चाचणी करून घेणाऱ्याला बहुतेक वेळा एकच ओळ हवी असते. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे की खाली. त्याने जास्त मागितलेले नसते आणि तुमच्या दारात नमुन्यांची रांग लागलेली असते. यात आमच्या बाजूच्या लोकांचाही दोष आहे. मागणीपत्रातच वक्र, सुटे आकडे आणि तुटलेल्या जागेची नोंद मागायला हवी, आणि मी माझ्या सहकाऱ्यांना ते सांगत असतो. पण यातले बरेचसे तुमच्याकडे आधीच तयार असते. भार आणि लांबण्याचा वक्र यंत्र स्वतःच साठवते. तो अहवालाला जोडायला एक बटण पुरते. वेग सॉफ्टवेअरमध्ये असतो. क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकत्या आडव्या तुळईच्या) सरकण्यावरून लांबणे काढले की नमुन्यावरच लांबणे मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावला होता, हे एका शब्दाचे काम आहे, आणि त्या एका शब्दावाचून वक्राच्या उतारावर विश्वास ठेवता येत नाही, कारण क्रॉसहेडच्या सरकण्यात यंत्राचे आणि जबड्यांचे लांबणेही मिसळलेले असते.

नव्याने करावे लागेल ते काम तुकड्यांचे, आणि ते कसे व्हावे हे माझ्या मते असे. ओढण्याआधी नमुन्यावर वरचे टोक कोणते याची खूण करा. तुटल्याबरोबर दोन्ही पृष्ठभागांचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो घ्या. तुटल्यावर किती लांबला हे मोजायला दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून दाबावे लागतात, आणि त्या दाबण्यात पृष्ठभागावरची बारीक शिखरे घासून जातात. म्हणून फोटो त्याआधीच हवा. पृष्ठभागाला बोट लावू नका, पुसू नका. पोलाद असेल तर ओलसर हवेत ते लगेच गंजते, तेव्हा कोरड्या पिशवीत ओलावा शोषणारे सिलिका जेल घालून ठेवा. दोन तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत असावेत, एकमेकांवर आपटणार नाहीत असे. पिशवीवर नमुन्याचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि जबड्यापासून तुटलेल्या जागेचे अंतर लिहा. अहवाल मिळाल्यावर आम्हाला शंका विचारायला जेवढा अवधी तुम्ही देता, निदान तेवढा काळ त्या पिशव्या ठेवा. मर्यादेखाली गेलेल्या नमुन्यांच्या पिशव्या प्रकरण मिटेपर्यंत. टाकून द्यायच्या आधी एक ओळ कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
तुमच्या आकड्यांवर रचना उभी करणारा एक अभियंता